यंत्राचा कंठ आणि आपला गळा

गेल्या श्रावणात भरलेल्या पालकसभेत एक प्रश्न निघाला आणि हे लिहीत असताना तो अद्याप सुटलेला नाही. प्रार्थनेला साथ करणारी आपल्या शाळेची जुनी पेटी आता श्वास धरीत नाही. तिच्या भात्याला भेगा पडल्या आहेत. मधल्या सप्तकातील दोन सूर मुके झाले आहेत. ती दुरुस्त करावी, की जमलेल्या वर्गणीतून एक मोठा ध्वनिवर्धक विकत घेऊन रोजची प्रार्थना मोबाईलवरून लावावी, असा तो प्रश्न होता. एक वयोवृद्ध गृहस्थ उठून म्हणाले, "विजेच्या डब्यातून निघते त्याला आम्ही संगीत म्हणत नाही. संगीत म्हणजे पेटी-तबला." त्यावर दाराशी उभा असलेला नववीतील एक विद्यार्थी धिटाईने म्हणाला, "सर, मोबाईलमध्ये हजारो गाणी आहेत. मग पेटी शिकायची कशाला?" सभा हसली आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. सभेत उत्तर सुचत नाही आणि घरी गेल्यावर सुचते, हा शिक्षकांचा जुना रोग आहे. परंतु तेव्हापासून मनात घोळत राहिले की, हे दोघेही एकाच गोष्टीविषयी चुकत आहेत. दोघांनाही वाटते की संगीत हे वस्तूत असते; एकाला ते पेटीत दिसते, दुसऱ्याला मोबाईलमध्ये. हे का चूक आहे, ते सांगण्यासाठी मला संगणकाच्या कंठाची हकीकत सांगावी लागेल. ती फार जुनी नाही. आपल्या पालकांच्या बालपणी घडलेली आहे. तरीही ती आता विस्मृतीत चालली आहे.

तथापि प्रथम वयोवृद्ध गृहस्थांच्या मताचा आदराने विचार करू. पेटी ही आपल्याला इतकी आपली वाटते की तिच्यावाचून भजन, कीर्तन वा नाट्यगीत डोळ्यांपुढे येतच नाही. पण पेटी हाही एक डबाच आहे आणि तो परदेशातून आलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये जन्मलेले हे वाद्य पुढे हिंदुस्थानात आले आणि इथल्या कारागिरांनी पायाचा भाता काढून हाताचा बसविला. त्या काळच्या जाणत्यांचा तिच्यावर मोठा आक्षेप होता. तिचे सूर ठरीव. त्यांत मींड नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद नाहीत. हा आक्षेप खोटाही नव्हता. 1940 मध्ये नभोवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवरून बंदी केली आणि ती साथीपुरती शिथिल व्हायला 1971 साल उजाडले. म्हणजे तब्बल तीन दशके आपली ही लाडकी पेटी सरकारी दृष्टीने संगीताबाहेरची वस्तू होती!

मग ती आपली झाली कशी? ती आपोआप झाली नाही, माणसांनी केली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी हिंदी संगीतातील बावीस श्रुतींचा हिशेब मांडून 1910 साली ग्रंथ लिहिला आणि त्या हिशेबाबरहुकूम पेटी तयार व्हावी म्हणून खटपट केली. गोविंदराव टेंब्यांनी तिच्यावर अशी हुकमत मिळविली की, ठरीव सुरांच्या या पेटीतूनही ऐकणाऱ्याला गळ्याचा भास व्हावा. यंत्र आडमुठे होते; माणसांनी त्याला आपल्या कानाकडे वळविले. हे सूत्र लक्षात ठेवून आता संगणकाकडे वळू.

1981 साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. तो कचेरीसाठी होता. हिशेब करावा, पत्र लिहावे, याद्या ठेवाव्या, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. मुनिमाला गाता येते की नाही हे कोण विचारतो? म्हणून त्या संगणकाला कंठ असा दिलाच नव्हता. आत एक लहानसा कर्णा होता खरा; पण तो एका वेळी एकच सूर काढी आणि त्या सुराचा आवाज लहानमोठा करण्याची सोय नसे. चूक झाली की तो 'पीं' करी. सायकलच्या घंटीहून त्याची योग्यता अधिक नव्हती.

मात्र त्या यंत्रात एक गोष्ट फार चांगली होती. त्याच्या पोटात काही रिकाम्या खाचा ठेवलेल्या होत्या आणि त्यांत काय कसे बसवावे, याची माहिती कंपनीने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. यंत्रात जे नाही, ते दुसऱ्या कोणीही एका पट्टीवर रचून त्या खाचेत बसवावे, अशी ती मुभा होती. त्या पट्टीला 'कार्ड' म्हणत. संगणकाला आवाज देणारे कार्ड ते साउंड कार्ड. रिकामी खाच ही मला त्या यंत्रातील सर्वांत शहाणी जागा वाटते. मला सगळे येते, असे तिने म्हटले नाही. 'उरलेले तुम्ही आणा', असे म्हटले.

ते आणणारा पहिला नामांकित माणूस संगीताचा प्राध्यापक निघाला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कॅनडातील क्वेबेक शहरी लाव्हाल विद्यापीठात संगीत शिकविणाऱ्या मार्टिन प्रेव्हेल यांनी 'अॅडलिब' नावाची कंपनी काढली आणि 1987 साली त्याच नावाचे कार्ड विक्रीस आणले. त्या कार्डावर जपानच्या यामाहा कंपनीची एक चकती होती. तिला एका वेळी नऊ निरनिराळे आवाज काढता येत. किंवा सहा आवाज आणि त्यांच्या जोडीला पाच तालवाद्ये. काल एकच 'पीं' करणारे यंत्र आज नऊ गळ्यांचे भजनी मंडळ झाले!

हे आवाज निर्माण कसे होत, तेही थोडक्यात सांगतो; कारण त्यातील कल्पना आपल्या गायकांना परकी नाही. गवई एखादा सूर आंदोलित करतो, म्हणजे सूर किंचित वर-खाली हलतो आणि तो हलणे आपल्याला स्पष्ट ऐकू येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचे संगीतकार 1967 साली असेच कृत्रिम आंदोलन करून पाहत होते. त्यांनी आंदोलनाचा वेग वाढवीत नेला. एका टप्प्यानंतर कानाला हलणे कळेनासे झाले आणि त्याऐवजी सुराचा पोतच बदललेला ऐकू आला. कधी घंटेसारखा, कधी पितळी वाद्यासारखा. दोन साध्या सुरांपैकी एकाने दुसऱ्याला हलवावे आणि त्यातून तिसराच भरदार ध्वनी जन्मावा, हे त्यांना कानाने सापडले. गणित मागाहून आले. पुढे यामाहाने या शोधाचे हक्क विद्यापीठाकडून घेतले. नऊ आवाजांच्या त्या चकतीत काम करीत होते ते हेच तत्त्व.

आता नऊ आवाज म्हणजे काही मोठी श्रीमंती नव्हे. त्यातील सतार खऱ्या सतारीसारखी नसे, बासरी बासरीसारखी नसे. सगळ्यांवर एक धातूची झाक असे. अशा तुटपुंज्या सामग्रीतून चांगले संगीत निघाले असेल काय? अवश्य निघाले. संगणकावरील खेळ करणाऱ्या कंपन्यांनी खऱ्याखुऱ्या संगीतकारांना पाचारण केले. सिएरा कंपनीच्या 'किंग्ज क्वेस्ट' मालिकेतील 1988 सालच्या चौथ्या खेळाचे संगीत चित्रपट-दूरचित्रवाणीसाठी संगीत देणाऱ्या विल्यम गोल्डस्टीन यांनी रचले. अशा रचनाकारांना प्रत्येक आवाज कोणत्या क्षणी उगवेल, किती टिकेल, केव्हा मावळेल, हे आकड्यांनी सांगावे लागे. नऊच गळे असल्यामुळे एकही वाया घालविता येत नसे. ज्या क्षणी एक सूर संपे, त्याच क्षणी तो गळा दुसऱ्या कामाला लावावा लागे. दुष्काळात पाणी वापरणाऱ्या गृहिणीची ती काटकसर होती.

1991 साली तर एक नवलच झाले. लुकासआर्ट्स या कंपनीत मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी अशी व्यवस्था रचली की, खेळणारा एका जागेहून दुसऱ्या जागी गेला म्हणजे संगीत मध्येच तुटू नये. चालू असलेल्या ओळीतून वळण घेत नव्या प्रसंगाच्या सुरावटीत अलगद उतरावे. खेळणारा केव्हा वळेल, हे तर कोणालाच ठाऊक नाही! ज्याने चांगले कीर्तन ऐकले आहे, त्याला यात ओळखीचे काहीतरी वाटेल. बुवा आख्यानात केव्हा थांबतील, केव्हा करुण होतील, हे पेटीवाल्याला आधी कळत नाही. तरी त्याची बोटे बुवांच्या मागोमाग जातात. संगतकाराचे ते अवधान त्या दोघांनी आकड्यांत उतरविले. हे विजेच्या डब्यातून निघते म्हणून संगीत नव्हे, असे मला तरी म्हणवत नाही. डब्यामागे जागा कान असेल तर ते संगीतच आहे.

यापुढची हकीकत सिंगापूरची. तेथे 1955 साली जन्मलेला सिम वाँग हू नावाचा तरुण होता. तो श्रीमंत घरातला नव्हता. तंत्रनिकेतनात शिकला होता आणि माऊथ ऑर्गन वाजविण्याचा त्याला नाद होता. माऊथ ऑर्गन आणि पेटी या सख्ख्या बहिणी. दोन्हींत हवेने धातूच्या पात्या थरथरतात. त्याने 1981 साली 'क्रिएटिव्ह' नावाची कंपनी काढली आणि आरंभीच्या काळात कोणता उद्योग केला? आपल्या लोकांच्या चिनी भाषेत चालणारा, बोलणारा संगणक करण्याचा. तो बाजारात चालला नाही. तरीही यंत्राला बोलते करण्याचा ध्यास त्याने सोडला नाही. 1989 साली त्याने 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड काढले. त्यात अॅडलिबचीच ती नऊ आवाजांची चकती होती. परंतु जोडीला एक अशी गोष्ट होती की तिने सारा रागरंग पालटला. त्याला मायक्रोफोन जोडता येत असे. आजवर यंत्र माणसाला आवाज ऐकवीत होते. आता ते माणसाचा आवाज ऐकू लागले. पुढे तीनच वर्षांत, 1992 साली, अॅडलिब कंपनीचे दिवाळे वाजले आणि साउंड ब्लास्टर घरोघर पोहोचले. 2023 च्या जानेवारीत सिम वाँग हू यांचे निधन झाले, तेव्हा जगातल्या कित्येकांना आपल्या पहिल्या संगणकाचा आवाज आठवला असेल.

मलाही आठवला. माझी घरची बोली कोंकणी. बालपण गोव्यात गेले. 1999 साली मी नऊ वर्षांचा असताना मडगावला मामांच्या दुकानात हिशेबासाठी घेतलेला एक संगणक होता. एके दिवशी कारागिराने त्यात साउंड कार्ड बसविले. मामांनी हौसेने मायक्रोफोन जोडला आणि आजीला पुढे बसवून म्हटले, 'गा काहीतरी.' आजी लाजली. मग दळताना म्हणायची तशी एक कोंकणी ओवी तिने म्हटली. मामांनी कळ दाबताच तिचा आवाज पेटाऱ्यातून परत आला. आजी क्षणभर स्तब्ध झाली आणि हळूच म्हणाली, "हांव अशें गायतां?" मी असे गाते काय? सत्तर वर्षे गाणाऱ्या बाईने आपला आवाज बाहेरून प्रथमच ऐकला होता. तिच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला आनंद म्हणावे की संकोच, हे मला आजही सांगता येत नाही.

काही वर्षांनी तो संगणक जुना झाला आणि भंगारात गेला. त्यातील हिशेब आम्ही आठवणीने नव्या संगणकात उतरवून घेतले. आजीची ओवी उतरवून घेण्याचे कोणालाही सुचले नाही. त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. आम्हा घरच्यांचाच आहे. आजी गेली, ओवी गेली. चालीचा पूर्वार्ध मला येतो. उत्तरार्ध येत नाही. यंत्राला कंठ आला होता, कानही आला होता. पण त्यात काय जपायचे हे यंत्राला कळत नव्हते, आणि आम्हालाही कळले नाही.

साउंड कार्डाची कथा पुढे लौकरच संपली. 1997 नंतर आवाजाची सोय संगणकाच्या मुख्य फलकावरच बसू लागली आणि वेगळे कार्ड घेण्याची गरज राहिली नाही. तुमच्या खिशातील मोबाईलमध्ये ते सारे एका तांदळाएवढ्या जागेत मावते. परंतु ज्या काळात आवाजाची कार्डे त्या खाचांत बसत होती, त्याच काळात आपल्या देशातही त्या खाचांसाठी एक कार्ड तयार होत होते, हे किती जणांना ठाऊक आहे? संगणक जसा मुका होता, तसाच तो आपल्या लिपीपुरता निरक्षरही होता. कानपूरच्या आयआयटीत झालेले संशोधन पुढे पुण्यास 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेत वाढीस लागले आणि 'जिस्ट' नावाचे कार्ड जन्मास आले. ते खाचेत बसविले की इंग्रजीखेरीज काही न जाणणारा संगणक देवनागरी दाखवू लागे, तेलुगू दाखवू लागे.

या कामातून आलेली एक गोष्ट आपल्या बेल्यातील मुलांनी अवश्य पाहावी. इन्स्क्रिप्ट नावाचा जो कळफलक भारतीय लिप्यांसाठी ठरला, त्यात मराठी 'क' आणि तेलुगू 'क' एकाच कळेवर आहेत. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि शाळेत दोन्ही, अशा आपल्या सीमेवरच्या मुलाला दोन लिप्यांसाठी दोनदा बोटे शिकवावी लागत नाहीत. जिस्ट कार्डही आज उरले नाही. परंतु जगभर चालणाऱ्या युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची जी मांडणी आहे, ती 1988 च्या भारतीय मानकावर आधारलेली आहे. पट्टी गेली, मांडणी राहिली. पुण्याच्या अभियंत्यांनी 'परदेशी यंत्र आहे, ते मराठी कशाला शिकेल?' असे म्हणून हात जोडले असते, तर आज तुम्ही मोबाईलवर मराठीत निरोप धाडू शकला असता काय?

संगीत आणि आपली भाषा या दोन्ही धाग्यांना एकत्र गुंफणारे एक उदाहरण देऊन मग माझ्या मतावर येतो. 1980 च्या दशकाच्या आरंभी बर्नार्ड बेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने, जेम्स किपेन या संगीत-अभ्यासकाच्या साहाय्याने, तबल्याचे बोल समजणारी एक संगणक-व्यवस्था रचली. तिचे नावच 'बोल प्रोसेसर'. लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्या कायद्यांचे नियम तिला शिकविले. मग तिने नवे पलटे रचावे आणि उस्तादांनी ते ऐकून बरे-वाईट ठरवावे, असा क्रम चाले. यंत्र शिष्य आणि माणूस गुरू! हेच बेल पुढे 1990 च्या दशकात पुण्याच्या गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या कार्यात सामील झाले. या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या होत्या. बेल यांनी त्या संगणकावर लावून ठेवल्या आणि बायांच्या मुखातून सुमारे 120 तासांचे ध्वनिमुद्रण केले. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने त्या ओव्या जगापुढे ठेवण्यास प्रारंभ केला. जाती बंद पडली, गिरण्या आल्या, गाणाऱ्या कित्येक बाया निवर्तल्या; पण त्यांचा गळा उरला. हे वाचताना मला मडगावच्या पेटाऱ्याची आठवण झाली नसती तरच नवल.

आता माझे मत. वयोवृद्ध गृहस्थांना मी नम्रपणे सांगेन की, यंत्र नवे आहे म्हणून ते संगीताला अपात्र ठरत नाही. आपण आज जिची बाजू घेता, त्या पेटीलाही एके काळी हाच निकाल ऐकावा लागला होता. आणि माझ्या नववीतील मित्राला सांगेन की, बाळ, मोबाईलमध्ये हजारो गाणी आहेत हे खरे. पण त्यांतील एकही तुझे नाही. प्रेव्हेल, सिम, चाउनिंग यांना यंत्राने गाणी वाढून दिली नव्हती. ते प्रथम गाणारे, वाजविणारे, ऐकणारे होते. म्हणूनच यंत्रात काय उणे आहे हे त्यांना कळले. ज्याने माऊथ ऑर्गन वाजविलाच नाही, त्याला संगणक मुका आहे याचे दुःख तरी कशाला होईल? पेटी शिकायची ती यासाठी. कान तयार झाल्यावाचून यंत्राची खाच रिकामी आहे हे दिसत नाही.

कोणी म्हणेल, दहावीची परीक्षा डोक्यावर असताना हा उद्योग हवा कशाला? शिवाय पैसा कोठून आणावा? हे प्रश्न कापसाच्या भावावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते त्या पालकांनी विचारावेत, हे योग्यच आहे. म्हणून मी मोठे काही मागत नाही. तीनच गोष्टी मागतो. पहिली, पेटीचा भाता नवा करावा, मुके सूर बोलते करावेत आणि प्रार्थना मुलांनी रोज आपल्या गळ्याने म्हणावी. ध्वनिवर्धक घ्यायचा असेल तर सभा-संमेलनासाठी खुशाल घ्यावा. पण प्रार्थनेच्या वेळी तो बंद असावा. प्रार्थना लावायची नसते, म्हणायची असते. दुसरी, शाळेतील संगणकावर आठवड्यातून एक तास मुलांना सूर मांडू द्यावेत. त्यासाठी लागणारी साधने विनामूल्य मिळतात. नऊ आवाजांची मर्यादा आपणच घालून घ्यावी आणि त्यांतून प्रार्थनेची साथ रचून पाहावी. गणिताचे अपूर्णांक आणि तालाच्या मात्रा यांची गाठ पडली, तर परीक्षेचेही नुकसान होणार नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते. प्रत्येक विद्यार्थ्याने या सुटीत आपल्या आजीचे, आजोबांचे वा शेजारच्या कोणा वडीलधाऱ्यांचे एक गाणे, त्यांच्या अनुमतीने, मोबाईलवर मुद्रित करून आणावे. ओवी असो, पाळणा असो, कापूस वेचतानाचे गीत असो. ते मराठीच असावे असा माझा मुळीच आग्रह नाही. पैनगंगेच्या या काठावर गोंडी आहे, कोलामी आहे, तेलुगू आहे, लंबाडी आहे. दिवाळीत दंडारीचे ढोल घुमतात, परधान बांधवांच्या हाती किंगरी असते. कोंकणीत वाढून मराठीत शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला कोणती भाषा परकी म्हणण्याचा अधिकार नाही. गाण्यासोबत गाणाऱ्याचे नाव, गाव आणि शब्द स्वच्छ लिहून आणावेत. आणि एक प्रत शाळेत, एक घरी, एक अन्यत्र, अशा तीन ठिकाणी ठेवाव्यात. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांत फारसे अंतर नसते, हे मी अनुभवाने सांगतो.

पुढच्या पालकसभेत हा ठराव मी मांडणार आहे. तो मंजूर होईल की नाही, ते सभेच्या हाती. पण तिसऱ्या गोष्टीसाठी कोणत्याही ठरावाची वा वर्गणीची आवश्यकता नाही. मोबाईल घरात आहे. आजी ओसरीवर बसली आहे. आज सायंकाळी तिच्याजवळ बसा आणि तिला गायला सांगा. ती लाजेल, थोडा धीर धरा. ती गायली म्हणजे तिचे गाणे तिलाच एकदा ऐकवा आणि मग ते जपून ठेवा.